आमचे हे इथंच राहतीन

बुधवार, १२ नोव्हेंबर. सकाळचे पाच वाजून बावन्न मिनिटं झाली होती आणि कामिनी ढोमणे दोनशे चाळिसावा दिवा पुसत होत्या. टेंभरी नंबर दोन ही कोळशाची खाण नागपूरहून खापरखेड्याच्या पुढे गेलं की लागते. खाली उतरणाऱ्या प्रत्येक कामगाराला टोपीवर लावायचा दिवा इथल्या लॅम्प रूममधून मिळतो आणि पाळी संपली की इथंच जमा करावा लागतो. चार्जिंगला लावलेले दिवे काढायचे, काच पुसायची, बटण दाबून पाहायचं आणि नंबराप्रमाणे खिडकीशी मांडायचे. अठ्ठावीस वर्षं कामिनीबाई हेच करत आहेत. त्यामुळे माणसं त्यांना नावापेक्षा नंबरानं जास्त ठाऊक आहेत. बाजारात कुणी नमस्कार केला तर त्या शेजारणीला सांगतात, "हा दोनशे सहा. याचा पट्टा नेहमी तुटलेला राहते."

खिडकीवर टकटक झाली. बाहेर देवाजी उभे होते. खाणीतल्या पाच युनियनपैकी एकीचे ते सचिव आहेत, आणि आजच्या संयुक्त द्वारसभेचे संयोजक. सव्वासहाला फाटकावर सभा होती आणि सभेत नारे कामिनीबाईंनी द्यायचे होते. हे त्यांचं दुसरं काम. त्याचा पगार नाही, पण चहा मिळतो.

"वहिनी, हा कागद. पाचही युनियनच्या सह्या आहेत. एक अक्षर इकडचं तिकडं करू नका."

कामिनीबाईंनी चष्मा लावून कागद पाहिला. चार नावं होती. पहिलं वाचलं आणि त्यांनी चष्मा काढला.

"देवाजीभाऊ, हे पयलं नाव मी नाई घेत."

"काहून? कोणाचं पाहिजे पयलं? दुसऱ्या युनियनचा कोणी येऊन गेला वाटते इथं?"

"युनियनचा काय संबंध? मले हे नाव घेता येत नाई."

"येत नाई म्हणजे? शालिकराम. पाच अक्षरं आहेत."

"तुम्हाले येत असन. माह्या नवऱ्याचं नाव आहे ते."

देवाजी खिडकीला टेकले. "बाप्पा," ते म्हणाले.

हे नाव त्या कागदावर पहिलं कसं आलं, याची हकिकत आदल्या संध्याकाळची. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर पाचही सचिव पाच ते आठ बसले होते. कंपनीला द्यायच्या पत्राचा मजकूर दहा मिनिटांत ठरला. उरलेला वेळ नावं कोणत्या क्रमानं घ्यायची यात गेला. चार कामगारांची बदली झाली होती. कारण असं की तीन नंबरचा पंप बंद पडतो, खाली पाणी चढतं आणि त्याकडे कोणी पाहत नाही, अशी लेखी तक्रार त्या चौघांनी केली होती. आठवड्याभरात चौघांना एकशे सत्तर किलोमीटरवरच्या दुसऱ्या खाणीत हजर व्हायचा आदेश आला. चौघे चार वेगवेगळ्या युनियनचे. पाचव्या युनियनचा माणूस त्यात नव्हता, म्हणून तिच्या सचिवाला त्या संध्याकाळी सर्वांत जास्त तत्त्वं सुचत होती. शेवटी शालिकरामांच्या युनियनचे सचिव धोंडबा यांनी तोडगा काढला. नारे शालिकची बायको देणार आहे, तर पहिलं नाव शालिकचं ठेवा, ती जीव तोडून घेईल. सगळ्यांना पटलं. पाच माणसांचा मिळून दीडशे वर्षांचा संसार झालेला होता, पण बायको नवऱ्याचं नाव घेत नाही हे त्यांतल्या एकालाही आठवलं नाही.

कामिनीबाई तर कधीच घेत नाहीत. लग्नाला एकतीस वर्षं झाली. उखाण्यात त्यांनी ते नाव सोळा वेळा घेतलं आहे आणि सोळाही प्रसंग त्यांना तारखेसकट पाठ आहेत. बँकेतून फोन आला आणि पतीचं नाव विचारलं की त्या फोन पतीकडे देतात. सही करतात ती 'का. शा. ढोमणे'. घरी हाक मारायची तर दिव्याचा नंबर आहेच: "चारशे बारा, जेवाले चला." नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होतं हे त्या मानतात का, असं शामलानं एकदा विचारलं होतं. शामला खिडकीवर त्यांची जोडीदार आहे. "मी नाई मानत वं," कामिनीबाई म्हणाल्या होत्या, "पण जीभ मानते."

शालिकराम पंप चालवतात. वय अठ्ठावन्न, निवृत्तीला चौदा महिने. तेहतीस वर्षं ते खाली गुडघाभर पाण्यात उभे राहिले आहेत, पण इंजेक्शनची सुई पाहिली की त्यांना चक्कर येते. त्यांना साखर आहे. इन्सुलिन कामिनीबाई टोचतात, रोज सकाळी साडेचारला. त्या वेळी शालिकराम भिंतीकडे तोंड करून गणपतीचं नाव घेतात. बदलीच्या गावी एका खोलीत चौघांनी राहायचं होतं. "तिथं कोण टोचन? हे तर सुई पाहूनच पडतीन," एवढंच कामिनीबाई गेले सहा दिवस सगळ्यांना सांगत होत्या. गुरुवारी सकाळी आठला तिकडे हजर व्हायचं होतं. एसटी बुधवारी साडेअकराची. पिशवी भरून झाली होती.

टेंभरीत युनियनचा इतिहास सांगणारे सगळे एका गोष्टीवर सहमत आहेत: सुरुवातीला झेंडा एकच होता. खाण तेव्हा खासगी मालकाची होती. शालिकरामांची आई जिजाबाई डोक्यावर टोपली घेऊन कोळसा वाहायच्या. हजेरी मुकादमाच्या तोंडी असायची. मुकादमाला विसर पडला की दिवस गेला. पहिला संप मोहाच्या झाडाखाली ठरला आणि सहा दिवस चालला. मागणी होती पिण्याच्या पाण्याच्या नळाची. नळ मिळाला. नळाच्या उद्घाटनाला पहिला हार कोणाच्या गळ्यात घालायचा यावरून युनियन फुटली.

१९७३ साली खाणी सरकारी झाल्या. पगार देशभरच्या करारानं ठरू लागले आणि दिल्लीत जितके झेंडे बसत, तितके टेंभरीतही लागले. तिसरी युनियन ऑफिसातल्या एका फोटोच्या जागेवरून निघाली. चौथी निघाली, कारण तिसरीच्या सचिवानं पोराच्या लग्नाची पत्रिका अर्ध्याच कमिटीला दिली. पाचवी कशी निघाली हे पाचवीवाल्यांनाही नीट सांगता येत नाही. "वैचारिक मतभेद," असं ते म्हणतात आणि स्वतःच हसतात. तरी लेखी हजेरी, बूट, टोप्या, दवाखाना, सुट्टीच्या दिवसाचा दुप्पट रोज, हे सगळं टेंभरीत मागून आणि भांडून मिळालं आहे. यातल्या प्रत्येक गोष्टीला आज पाच जनक आहेत.

नारे मात्र सगळ्यांना एकाच गळ्यातून लागतात. पूर्वी खाणीच्या छताला लाकडी टेकू लावणारे, बापूजी नावाचे एक टिंबर मिस्त्री नारे द्यायचे. २०११ साली त्यांचा आवाज बसला. त्याच आठवड्यात शालिकराम दिवा जमा न करताच घरी निघाले होते आणि कामिनीबाईंनी खिडकीतून हाक मारली: "ओ चारशे बारा!" शालिकराम सायकल स्टँडपाशी होते, तिथं थांबले. त्यांच्यासोबत रस्त्यावरचे दोन ट्रकही थांबले. देवाजींनी ते पाहिलं. कामिनीबाईंचा गळा तयार झाला होता माहेरच्या चार एकरांतल्या माचाणावर, ज्वारीवरचे पोपट हाकलताना. ती चार एकर पुढे खाणीतच गेली, घरात भाऊ नव्हता, म्हणून जमिनीच्या बदल्यातली नोकरी त्यांच्या नावावर आली. त्या एका युनियनच्या सभासद आहेत. कोणत्या, हे चौदा वर्षं नारे दिल्यावर बाकीच्या चौघी विसरल्या आहेत.

"मग तुम्हीच घ्या ना ते नाव," कामिनीबाई देवाजींना म्हणाल्या.

हे शक्य नव्हतं. २०१९च्या सभेत देवाजींनी भरात येऊन "व्यवस्थापन जिंदाबाद" म्हटलं होतं. तेव्हापासून पाचही युनियनच्या संमतीनं त्यांना माइकपासून दूर ठेवलं जातं.

"ते नाव वगळून बाकीची तीन घेऊ?"

"धोंडबा पुरी युनियन घेऊन निघून जाईन. आणि शालिकभाऊ जाईन एसटीत."

कामिनीबाईंनी हातातला दिवा खाली ठेवला. "बरं. चारशे बारा म्हणते मी. ते तर चालन?"

देवाजींनी विचार केला. वेळ सहा वाजून नऊ. "चालन," ते म्हणाले.

सव्वासहाला फाटकावर तीनशे ऐंशी माणसं होती. पहिल्या पाळीची तर होतीच, पण रात्रपाळी थांबली होती आणि दुसरी पाळी आठ तास आधीच आली होती. समोर ऑफिसच्या पायरीवर कार्मिक विभागाचे कारकून सुमंत वही घेऊन उभे होते. सुमंत नागपूरच्या महाल भागातून रोज मोटारसायकलनं येतात. सभेत जे काही म्हटलं जाईल ते जसंच्या तसं, ज्या क्रमानं म्हटलं जाईल त्या क्रमानं लिहून व्यवस्थापकांसमोर ठेवायचं, हे त्यांचं काम. शालिकराम पिशवी घेऊन सायकल स्टँडपाशी उभे होते.

कामगार एकजुटीचा विजय असो, इथपर्यंत सगळं बरोबर गेलं. मग कामिनीबाईंनी श्वास घेतला आणि म्हटलं, "चारशे बारा!"

पुढच्या रांगेतले लोक हसले, त्यांना नंबर माहीत होता. मागच्यांना नव्हता. नारा अर्धा आला की उरलेला पूर्ण करायचा, ही त्यांची इतक्या वर्षांची सवय.

"मिळालेच पाहिजेत!" मागून आवाज आला.

"कशाचे चारशे बारा गा?" एकानं शेजाऱ्याला विचारलं.

"भत्ता असन."

"रोजचा का महिन्याचा?"

"मागूनच राहिलो तर रोजचा माग ना!"

"रोजचे चारशे बारा! मिळालेच पाहिजेत! मिळालेच पाहिजेत!"

दोन मिनिटं हे चाललं. सुमंतांनी लिहिलं: 'नवीन मागणी. भत्ता रु. ४१२, प्रतिदिन. कारण स्पष्ट नाही.' देवाजी दोन्ही हात हलवून नाही-नाही करत होते. लोकांना वाटलं ते जोर द्यायला सांगत आहेत. धोंडबा स्टेजच्या कडेला येऊन ओरडले, "देवाजी, नाव कुठं आहे आमच्या माणसाचं? मी चाललो!" त्यांच्यामागून वीस-पंचवीस लोक वळलेसुद्धा.

कामिनीबाईंनी माइक बाजूला केला. माइकची त्यांना कधीच गरज नव्हती.

"ऐ! चूप बसा! पैशाचं काही नाई. तुम्ही भलतंच घेऊन राहिले. धोंडबाभाऊ, कुठी चालले? माघारी या!"

धोंडबा थांबले. वाहतूकही थांबली असावी, कारण हॉर्न बंद झाले.

"भत्ता गेला चुलीत," कामिनीबाई म्हणाल्या. "इथून माणसं नेऊन राहिले ते. आमचे हे नेऊन राहिले! मी म्हणते आमचे हे कुठीच जात नाईत. इथंच राहतीन!"

हा नारा नव्हता. ती नुसती एका बाईची तक्रार होती. पण मोठ्यानं केलेली होती आणि तिला ठेका होता. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "इथंच राहतीन!" मग दुसरी रांग. कामिनीबाईंना चौदा वर्षांचा अनुभव होता. लोकांनी उचललं की सोडायचं नसतं.

"कुठी राहतीन?"

"इथंच राहतीन!"

"कोण राहतीन?"

तीनशे ऐंशी माणसांनी, ज्यांत मिशावाले दोनशेच्या वर होते, एका दमात सांगितलं: "आमचे हे!"

पुढची अकरा मिनिटं टेंभरीच्या फाटकावर दुसरं काही ऐकू आलं नाही. टोप्या उडाल्या. रात्रपाळीचा एक माणूस, तेरा तास जागा असलेला, बाजूच्याच्या गळ्यात पडून "आमचे हे" म्हणून नाचू लागला. बाजूचा दुसऱ्या युनियनचा होता आणि त्या दोघांत एका प्लॉटवरून दावा चालू आहे. सायकल स्टँडपाशी शालिकरामही हात उंच करून ओरडत होते.

"तुमचे कोण गा, शालिकभाऊ?" कोणीतरी विचारलं.

"मीच!" शालिकराम म्हणाले आणि परत ओरडू लागले.

धोंडबा मात्र विचारात होते. त्यांनी देवाजींना कोपर मारलं. "आमचे हे म्हणजे आमचेच ना?"

"तुम्ही म्हटलं तर तुमचे. आम्ही म्हटलं तर आमचे. ओरडा आता."

धोंडबांनी क्षणभर हिशेब मांडला. कोणाचंच नाव आलेलं नव्हतं, म्हणजे पहिलंही कोणाचं नव्हतं आणि चौथंही कोणाचं नव्हतं. तीन तास टपरीवर जे कोणालाच सुचलं नव्हतं ते झालं होतं. ते ओरडले.

सहा चाळीसला लॅम्प रूमची खिडकी उघडली तेव्हा रांगेतला पहिला माणूस लाजत म्हणाला, "वहिनी, आमच्या ह्यांचा दिवा द्या." दुसराही तेच म्हणाला. आठव्यापर्यंत शामलाला हसू आवरेना. तिनं एकशे अठराचा दिवा एकशे एक्क्याऐंशीला दिला.

"दात नका दाखवू, नंबर सांगा," कामिनीबाई म्हणाल्या आणि खाली वाकून स्वतः हसून घेतलं.

साडेनऊला सुमंतांनी वही व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवली. व्यवस्थापक झारखंडचे. टेंभरीत येऊन त्यांना सात महिने झाले होते.

"ये आमचे हे कौन हैं?" त्यांनी विचारलं. "नया नेता है क्या?"

"नहीं सर. हमारे यहाँ औरतें पति का नाम नहीं लेतीं. आमचे हे बोलती हैं."

"ठीक है. एक औरत ने नहीं लिया. बाकी तीन सौ अस्सी आदमी?"

सुमंतांनी प्रामाणिकपणे विचार केला. "उन्होंने भी नहीं लिया, सर."

व्यवस्थापकांनी वही परत वाचली. आधीच्या तीन संयुक्त सभांच्या नोंदी त्यांनी पाहिलेल्या होत्या. तिन्ही सभा नावांच्या क्रमावरून मोडल्या होत्या. एकदा तर दुसऱ्याच नाऱ्याला. "कौन सी यूनियन पहले उठकर गई?"

"कोई नहीं गई, सर. एक जा रही थी, वापस आ गई."

"और ये चार सौ बारह?"

"वो भी वही हैं, सर. आमचे हे."

व्यवस्थापकांनी लेखी टिपण मागितलं. सुमंतांनी दहा ओळींचं टिपण लिहिलं, त्यातलं कळीचं वाक्य असं: 'कामगारांची मागणी 'आमचे हे' यांच्या बदलीबाबत असून, 'आमचे हे' हे सर्वनाम असल्याने त्यात चारही कर्मचारी समाविष्ट आहेत असे सर्व पाच संघटनांचे म्हणणे आहे.' पाचही सचिवांनी त्याखाली सह्या केल्या. कोणी आधी करायची यावर वाद झाला नाही, कारण सुमंतांनी पाच वेगळ्या प्रती काढल्या होत्या. पाचही प्रती व्यवस्थापकांनी लगेच नागपूरला पाठवल्या.

साडेअकराची एसटी गेली. शालिकराम तिच्यात नव्हते. ते लॅम्प रूमच्या मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पिशवीला चेन होती, ती ते उघडत होते आणि लावत होते. दुपारपर्यंत फाटकावरचा व्हिडिओ शेजारच्या तीन खाणींत पोचला होता. नागपुरात नंदनवन भागात राहणाऱ्या त्यांच्या मुलीचा, वेदिकाचा फोन आला: "आई, ऑफिसमधले सगळे मले विचारून राहिले, तुह्ये बाबा आमचे हे का म्हणून. मी काय सांगू?"

"सांग, बाकावर बसून आहेत," कामिनीबाई म्हणाल्या. "चहा पण घेऊन नाई राहिले."

तीन चाळीसला सुमंत कागद घेऊन स्वतः चालत आले. नागपूरच्या मोठ्या ऑफिसातून आदेश होता: चारही बदल्या पुढील आदेशापर्यंत स्थगित, चौघांनी आपल्या मूळ जागी रुजू व्हावं, तीन नंबरच्या पंपाची तपासणी पंधरा दिवसांत. कारण म्हणून 'प्रशासकीय' असं लिहिलं होतं. स्थगित म्हणजे रद्द नव्हे, हे सुमंतांनी दोनदा सांगितलं. शालिकरामांनी दोनदा मान हलवली आणि पिशवीतून फराळाचा डबा काढून त्यांच्यासमोर धरला. प्रवासासाठी केलेल्या शंकरपाळ्या होत्या.

संध्याकाळी पाचपर्यंत पाचही युनियननी आपापल्या ग्रुपवर विजयाचे संदेश टाकले. प्रत्येकाच्या मते हा विजय त्यांच्या युनियनच्या ठाम भूमिकेचा होता. पाचही संदेशांत 'आमचे हे' होतं. चारांत ते मोठ्या अक्षरांत होतं. साडेपाचला देवाजी खिडकीवर आले. त्यांच्या मागे धोंडबा आणि त्यांच्या मागे आणखी तिघं उभे होते. प्रत्येकाला उद्या सकाळी फाटकावर आपली स्वतंत्र विजयसभा घ्यायची होती आणि प्रत्येकाला नारे कामिनीबाईंचेच पाहिजे होते.

"आमची पावणेसहाची, वहिनी."

"आमची सहाची. आम्ही आधी सांगितलं होतं."

"तुम्ही कधी सांगितलं गा?"

"तुम्ही पाचही जण एकच सभा घ्या ना," शामला म्हणाली. पाचही सचिवांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती रजिस्टर चाळू लागली.

कामिनीबाईंनी खिडकीचं फळकूट अर्धं ओढलं. "मले बोलावू नका. उद्या माही सुट्टी आहे."

हे खरं होतं. उद्या गुरुवार, त्यांची साप्ताहिक सुट्टी. खिडकीवर शामला एकटी बसेल. पाळीचा तक्ता संध्याकाळीच ऑफिसबाहेर लागला आहे: पहिली पाळी, सकाळी सात, तीन नंबरचा पंप, शालिकराम ढोमणे.